हे चित्र किती वाजताचं आहे? दृक्प्रत्ययवादी पद्धतीनं पहिलं निसर्गचित्र रंगवताना

इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं रंगवायचं ठरवलं तेव्हा पहिलं वर्षभर मी एकच गोष्ट करत होते. मोबाइलवरचा फोटो समोर ठेवायचा, बारीक गोल ब्रश घ्यायचा आणि कॅनव्हासभर ठिपके देत जायचे. चित्र लांबून धूसर दिसायचं, जवळून गोंधळलेलं, आणि ऊन त्यात कुठेच नसायचं. नंतर रविवारी बाहेर बसून निसर्गचित्रं करणाऱ्या एका गटाबरोबर जाऊ लागले. तिथल्या एका ज्येष्ठ चित्रकारांनी माझं चित्र हातात घेतलं आणि विचारलं, ‘‘हे किती वाजताचं आहे?’’ मला सांगता आलं नाही. फोटोत झाडं होती, घाट होता, पाणी होतं. वेळ नव्हती.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मलेल्या या चित्रशैलीला मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड वाटतो, पण अर्थ नेमका आहे: डोळ्यांना त्या क्षणी जो प्रत्यय आला तो. तुटक फटकारे, शुद्ध रंग, निळ्या-जांभळ्या सावल्या ही या चित्रकारांची सजावट नव्हती. ऊन सरकतं, आपल्या हाताशी वेळ थोडा असतो, आणि तरी ते पकडायचंय, या अडचणीतून एकेक तंत्र तयार झालं. अडचण समजली की तंत्र आपोआप हातात बसतं. ती न समजता नुसते फटकारे उचलले, तर माझ्यासारखं वर्ष जातं. तुमचं जाऊ नये म्हणून मला उपयोगी पडलेल्या क्रमानं लिहिते आहे. सगळं तैलरंगांना धरून आहे. इतर माध्यमांचं ओघात येईल.

१. आधी कारण समजून घ्या

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तैलरंग बाहेर नेणं कटकटीचं होतं. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत भरत, टोचून काढत, आणि एकदा टोचली की पिशवी नीट बंद होत नसे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याच शतकात ब्रशच्या केसांना धातूची पट्टी आवळून चपटे ब्रश बनू लागले. चपट्या ब्रशाशिवाय तो रुंद, तुटक फटकारा मारणंच अवघड. कोबाल्ट ब्लू, कृत्रिम अल्ट्रामरीन (गडद निळा), विरिडियन (निळसर हिरवा), कॅडमियम येलो हे तेजस्वी रंगही त्याच शतकातले. शिवाय पॅरिसहून सीन नदीकाठच्या गावांपर्यंत रेल्वे पोचली होती. सकाळी सामान घेऊन निघायचं आणि संध्याकाळी चित्र घेऊन परतायचं, हे शक्य झालं.

बाहेर बसल्यावर नवीच अडचण समोर आली. दोन तासांत सावली सरकते. स्टुडिओतली पातळ थरांवर थर चढवत महिनोन्‌महिने चालणारी रीत इथे चालणार नव्हती. म्हणून ओल्यावर ओला रंग, थोडे पण ठाम फटकारे, पॅलेटवर कमीत कमी कालवाकालव. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमधल्या नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत मोने, रेन्वार, पिसारो, सिस्ले, देगा, बर्थ मोरिझो आणि इतरांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राच्या नावावरून लुई लरुआ या समीक्षकानं सगळ्यांची टर उडवली, आणि तेच नाव त्यांना चिकटलं. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा एकटा पिसारो.

एक गोष्ट मनातून काढून टाका. सगळी चित्रं जागेवरच पूर्ण व्हायची असा समज आहे. मोने कित्येक चित्रं घरी आणून पुन्हा हाताळत असे, आणि देगाला तर उघड्यावर रंगवणं पसंतच नव्हतं. तेव्हा घरी येऊन दोन फटकारे दिले तर काही बिघडत नाही. मात्र सुरुवात प्रत्यक्ष उजेडासमोर झाली पाहिजे.

२. सामान जमवा, पण थोडंच

मोनेनं १९०५ मधल्या एका पत्रात स्वतःचे रंग सांगितले आहेत: शिसं असलेला पांढरा, कॅडमियम येलो, व्हर्मिलियन, गडद मॅडर (लाल), कोबाल्ट ब्लू आणि विरिडियन हिरवा. एवढेच. नवशिके मात्र चोवीस ट्यूबांचा खोका घेतात, आणि रंग निवडण्यातच ऊन निघून जातं. माझी यादी अशी:

• टायटॅनियम व्हाइट, मोठी ट्यूब. शिशाचा पांढरा विषारी असतो, त्याच्या मागे लागू नका. झिंक व्हाइटचा थर कालांतरानं ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून एकटा वापरू नका.
• लेमन येलो, आणि एक उबदार पिवळा
• व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेडच्या जातीचा लाल
• क्रिमसन (गडद, थंड लाल)
• अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू
• विरिडियन
• यलो ऑकर (मोनेच्या यादीत नाही, आपल्या मातीसाठी मी ठेवते)
• हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे ब्रश: ४, ६, ८ आणि १० नंबर. गोल बारीक ब्रश घरीच ठेवा.
• पॅलेट नाइफ
• ८ × १० किंवा १० × १२ इंची कॅनव्हास बोर्ड, दोन
• टर्पेंटाइन, घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात
• जुन्या सुती कापडाच्या भरपूर चिंध्या. ही वस्तू सगळे विसरतात आणि सगळ्यात जास्त हीच लागते.
• घडीचं ईझल (चित्र टेकवायची घोडी), किंवा मांडीवर बसणारी पेटी
• टोपी, पाणी, आणि ओलं चित्र परत आणायला पिझ्झाचा रिकामा खोका. बोर्ड मागून चिकटपट्टीनं खोक्याच्या तळाला चिकटवला की रंग कशालाच लागत नाही.

काळा रंग यादीत नाही. तो निषिद्ध आहे असं नाही, रेन्वार तर पुढे काळा आवडीनं वापरत असे. पण नवशिक्याच्या हातात काळी ट्यूब आली की प्रत्येक सावलीत ती शिरते. पहिल्या वीस चित्रांत ती घरी ठेवा. अल्ट्रामरीन आणि क्रिमसनमध्ये चिमूटभर विरिडियन घातला की हवा तेवढा गडद रंग मिळतो, आणि तो मेलेला दिसत नाही.

ट्यूब घेताना नावापुढे ‘ह्यू’ लिहिलंय का बघा. असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी रंगद्रव्यं असतात. सरावाला ते चालतं, पण तो मिसळल्यावर वेगळा वागतो, म्हणून एकाच रंगाच्या दोन कंपन्यांच्या ट्यूबा आलटून पालटून वापरू नका.

अ‍ॅक्रिलिकबद्दल सगळे विचारतात. आपल्या उन्हात ते पॅलेटवरच वाळतं, आणि ओल्यावर ओलं हा या पद्धतीचा प्राणच नाहीसा होतो. तेलाचा वास सोसत नसेल तर सॉफ्ट पेस्टल घ्या. देगा आणि मेरी कसॅट यांनी पेस्टलमध्ये थोर काम केलंय, आणि तुटक रंग त्यात फार सहज येतो. शाळेतले तेलकट खडू वेगळे. दुकानात ‘पेस्टल’ एवढंच म्हटलं तर तेच हातात पडतात.

टर्पेंटाइन पेट घेतं. रेल्वेत ते नेता येत नाही, विमानात तर नाहीच. बाहेरगावी जाणार असाल तर तिथेच विकत घ्या, किंवा पहिला पातळ थरही चिंधीनं घासून द्या.

३. कॅनव्हासला आदल्या दिवशी रंग द्या

पांढरा कोरा कॅनव्हास उन्हात डोळ्यांवर येतो आणि त्याच्यापुढे प्रत्येक रंग गडद भासतो. जुने अकादमीतले चित्रकार गडद तपकिरी अस्तर देत. मोने आणि त्याचे सोबती फिकट अस्तराकडे वळले: करडं, मलईच्या रंगाचं, कधी पांढरंही. फटकाऱ्यांमध्ये राहिलेल्या फटींतून हे अस्तर डोकावतं आणि चित्रात हवा खेळते. मी यलो ऑकरमध्ये पांढरा आणि कणभर क्रिमसन घालून, टर्पेंटाइननं पातळ करून चिंधीनं पुसून घेते. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसासाठी मात्र उबदार करडं बरं. एक दिवस आधी द्या म्हणजे वाळेल.

४. जागेआधी वेळ निवडा

इथे फ्रान्समधली पुस्तकी गणितं तशीच्या तशी लागू करू नका. पॅरिस साधारण ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई १९ अंशांवर. तिथे उन्हाळ्यात सूर्य तिरपा, संध्याकाळ लांबच लांब. आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर, सावल्या पायाशी गोळा, आणि तिन्हीसांजा बघता बघता संपतात. सकाळी सात ते नऊ, आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधीचे दीड-दोन तास, एवढीच आपली खरी कामाची वेळ. मोनेपेक्षाही आपल्याला घाई जास्त आहे.

आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर जाऊन या. ऊन कुठून येतं, गर्दी किती होते, बसायला सावली कुठे, ते बघून ठेवा. वाईजवळचा मेणवलीचा घाट, नाशिकचा गोदाकाठ, कोल्हापूरचा रंकाळा इथे चित्रकार नेहमी बसतात, त्यामुळे लोकांना नवल वाटत नाही. देऊळ, किल्ला, स्टेशन असेल तर परवानगी लागते का ते आधीच विचारा. १८७७ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनात रंगवण्यासाठी मोनेनंही रीतसर परवानगी घेतली होती, आणि त्यातून डझनभर चित्रं झाली.

बसल्यावर तीन गोष्टी सांभाळा. कॅनव्हास सावलीत ठेवा. त्यावर ऊन पडत असेल तर तुम्ही नकळत सगळं गडद रंगवाल आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसेल. लाल-निळी छत्री डोक्यावर धरू नका, तिचा रंग कॅनव्हासवर आणि पॅलेटवर उतरतो. आणि गॉगल काढून ठेवा.

५. डोळे किलकिले करा आणि पाच तुकडे शोधा

पहिली दहा मिनिटं ब्रश उचलू नका. डोळे इतके बारीक करा की पानं, खिडक्या, माणसांचे चेहरे विरघळून फक्त मोठे डाग उरतील. आकाश, लांबचा डोंगर, झाडांचा पुंजका, पाणी, काठ. पाच तुकडे, फार तर सहा. सगळ्यात उजळ कोणता आणि सगळ्यात गडद कोणता ते स्वतःशी मोठ्यानं म्हणा. पेन्सिलनं बारकावे काढू नका. अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशानंच तुकड्यांच्या सीमा काढा आणि लगेच प्रत्येक तुकडा पातळ रंगानं झाकून टाका. पंधरा मिनिटांत कॅनव्हासवर अस्तराखेरीज कोरी जागा फारशी उरता कामा नये. हा थर पातळच हवा. खाली जाड आणि वर पातळ असं झालं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे भेगा पडतात.

रंग आणि उजळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ‘इम्प्रेशन, सूर्योदय’मधला तो नारिंगी सूर्य किती झगमगतो! त्याच चित्राचा कृष्णधवल फोटो करून बघा. सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण उजळपणात तो भोवतालच्या करड्या आकाशाइतकाच आहे. त्याचं तेज पांढरा ओतून आलेलं नाही, शेजारच्या थंड निळसर करड्यामुळे आलंय. तुमच्या चित्राचाही असा कृष्णधवल फोटो मधेच काढा. पाच तुकडे त्यातही वेगळे ओळखू आले पाहिजेत.

६. सावलीला नाव देऊ नका, रंग विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. इथे नजर बदलली की पुढचं सोपं जातं.

मोनेचं १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं ‘मॅग्पाय’ हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बर्फ, कुंपण, फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी, आणि कुंपणाची बर्फावर पडलेली लांब सावली. ती सावली निळी-जांभळी आहे. १८६९ च्या सरकारी प्रदर्शनानं, म्हणजे सलोननं, हे चित्र नाकारलं. आज ते बघताना नाकारण्यासारखं त्यात काय होतं हेच कळत नाही, कारण तेव्हापासून आपली नजरच बदलली आहे.

सावली निळी का? सावलीत सूर्याचं ऊन पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो, आणि निरभ्र आकाश निळं असतं. म्हणूनच ढगाळ दिवशी ती निळाई नसते, आणि तेव्हाही सवयीनं निळी सावली घालणं हा चुकीचा पाठ आहे. शेजारी काही रंगीत असेल तर त्याचा उजेडही सावलीत मिसळतो. कोकणात जांभ्याच्या भिंतीशेजारी पांढरा सदरा वाळत घातलेला असेल तर बघा: सदऱ्याची आकाशाकडची सावली निळसर, आणि भिंतीकडची गुलाबी-नारिंगी.

एक सराव सांगते. गच्चीत किंवा अंगणात सकाळी पांढरी कपबशी पांढऱ्या कापडावर ठेवा. पांढरा रंग जिथे अगदी ऊन लागतंय तिथेच वापरायचा, तोही किंचित पिवळा घालून. बाकी सगळ्या पांढऱ्याला पांढरा म्हणायचं नाही. जाड पुठ्ठ्याला छोटं भोक पाडा, एक डोळा मिटा आणि भोकातून कपाची सावली बघा. आजूबाजूचं दिसेनासं झालं की तो करडा नसून निळा, जांभळा, कधी हिरवट आहे हे दिसतं. भोकातून दिसला तोच रंग पॅलेटवर कालवा. मी हा सराव सलग पंधरा दिवस केला, आणि नंतर रस्त्यावरून चालतानाही डांबरावर जांभळा दिसू लागला. तो आनंद मी कुणाला शब्दांत सांगू शकत नाही.

आपल्या हिरव्याचं वेगळं बोलायला हवं. श्रावणात सह्याद्री इतका हिरवा होतो की ट्यूबमधला हिरवा काढायचा मोह होतोच. तसा रंगवला की चित्र प्लास्टिकसारखं दिसतं. उन्हातला हिरवा पिवळ्याकडून बनवा, सावलीतला अल्ट्रामरीनकडून, लांबचा कोबाल्ट आणि पांढऱ्याकडून. आणि प्रत्येक हिरव्यात त्याच्या विरोधी रंगाचा, म्हणजे लालाचा, एक थेंब जाऊ द्या. लाल माती, गुरांची पाठ, एखादं लुगडं दिसलं तर ते सोडू नका. हिरव्याला जिवंत ठेवायला तेवढा लाल लागतोच.

७. रंग पॅलेटवर एकजीव करू नका, कॅनव्हासवर शेजारी ठेवा

धूपछांव पैठणी जवळून बघितलीये ना? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दोन्ही धागे आपापल्या जागी शुद्ध असतात, आणि वस्त्र हललं की डोळ्यापुढे तिसराच रंग लहरतो. हेच दोन धागे पिळून एकजीव केले असते तर ती लहर आली नसती. तुटक रंगाचं तत्त्व मला यावरून चटकन उमगलं.

फ्रान्समध्येही हा धागा विणकामातूनच आला. शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ गोबलँच्या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळं सूत फिकं पडतंय अशी तक्रार आली. तपासल्यावर त्याला दिसलं की दोष रंगाईचा नाही, शेजारच्या रंगांचा आहे. दोन रंग शेजारी आले की एकमेकांना बदलतात, यावर त्यानं १८३९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्या चित्रकारांनी त्यातून पुष्कळ घेतलं.

प्रत्यक्षात असं करा:

अ. एका मिश्रणात दोन रंग आणि पांढरा, एवढंच. तिसरा गेला की चिखल व्हायला सुरुवात होते. हिरव्यातला लालाचा थेंब आणि गडद रंगातला चिमूटभर विरिडियन, एवढाच अपवाद.

आ. पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका. पॅलेट नाइफनं दोन-तीनदा फिरवा. फटकाऱ्यात दोन्ही रंगांच्या रेषा दिसल्या तरी उत्तम.

इ. एका तुकड्यासाठी तीन मिश्रणं तयार करा. समजा झाडाखालची सावली आहे: एक निळसर हिरवं, एक जांभळट, एक तपकिरी हिरवं. तिघांचा गडदपणा मात्र सारखा हवा. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. गडदपणा वेगळा पडला तर सावली न दिसता नुसते ठिपके उडालेले दिसतात. शंका आली की डोळे किलकिले करा. तिन्ही एकमेकांत विरघळले तर बरोबर.

ई. रंग भरपूर घ्या, ब्रश टेकवा, ओढा, उचला. त्यावरून पुन्हा फिरवू नका. दुसऱ्यांदा फिरवलेला फटकारा खालचा ओला रंग उचलतो आणि दोन्ही मळतात.

उ. दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश चिंधीनं पुसा. दर वेळी टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा नाही, त्यानं रंग पाणचट होतो.

फटकाऱ्याची दिशाही बोलते. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रेन्वार सीनकाठच्या ला ग्रनुयेर या तरंगत्या उपाहारगृहासमोर शेजारी शेजारी बसून तेच दृश्य रंगवत होते. मोनेचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, रेन्वारचं स्टॉकहोममध्ये. दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठी करून बघा. मोनेचं पाणी म्हणजे आडव्या, रुंद, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या आहेत, बाकी काही नाही. रेन्वारचे फटकारे मऊ, पिसांसारखे, आणि त्याचं लक्ष माणसांकडे जास्त. जागा एक, दिवस तेच, हात दोन. तुमच्या घाटाच्या पाण्यालाही हीच रीत वापरा: प्रतिबिंबाचे रंग आधी उभे लावा, मग आकाशाच्या रंगाचे थोडे आडवे फटकारे त्यांना छेदून जाऊ द्या.

छापील पुस्तकावरून मात्र फटकारे शिकू नका. छपाईत रंगाची जाडी सपाट होते. मोनेच्या १८७० मधल्या ‘त्रुव्हीलचा किनारा’ या छोट्या चित्रात, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, रंगात अडकलेले वाळूचे कण आजही सापडतात. वाऱ्यात बसून केलेलं काम ते, आणि पुस्तकात यातलं काहीच दिसत नाही.

ठिपक्यांविषयीही सांगायला हवं, कारण माझं वर्ष त्यातच गेलं. सारख्या आकाराचे शिस्तबद्ध ठिपके ही जॉर्ज सरा या चित्रकाराची बिंदुवादी पद्धत. १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, आणि ती संथ, स्टुडिओत बसून करायची गोष्ट आहे. तिचं सौंदर्य वेगळं. घाईतल्या उजेडासाठी ती उपयोगाची नाही.

८. कडा काही ठिकाणी हरवू द्या

सगळ्या वस्तूंना कुंपण घालू नका. झाडाची उन्हाकडची कड आकाशात विरू द्या, सावलीकडची पाण्यात. एकाच ठिकाणी, जिथे नजर थांबावीशी वाटते तिथे, कड ठसठशीत ठेवा.

९. उजेड बदलला की थांबा

दीड तासानं सावल्या सरकलेल्या असतात. त्यांचा पाठलाग करू नका. नवी सावली घातली आणि जुनी तशीच राहिली तर एका चित्रात दोन सूर्य होतात. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत सावल्या पक्क्या केल्या असतील तर त्याच धरून ठेवा, आणि फारच बदललं तर दुसरा बोर्ड काढा. म्हणून यादीत दोन बोर्ड आहेत.

मोनेनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. १८९०-९१ मध्ये जिव्हर्नी गावातल्या घराजवळ गवताच्या गंजी रंगवताना तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवी, आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदली. गंजींची अशी सुमारे पंचवीस चित्रं झाली, त्यातली पंधरा मे १८९१ मध्ये द्युराँ-र्‍युएल या चित्रव्यापाऱ्याच्या दालनात एकत्र मांडली गेली. विषय तोच, पण सकाळ, दुपार, बर्फ, मावळतीचं ऊन हे दर वेळी नवं.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा या परिसराची चित्रं आयुष्यभर करत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या निसर्गचित्रांत पाणी आणि हवा ज्या हळुवार, तुटक रंगस्पर्शांनी उभी राहते ते पाहून मराठी कलासमीक्षकांनी दृक्प्रत्ययवादाशी त्यांचं नातं जोडलं आहे. त्यांची चित्रं प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर सोडू नका. लांबच्या प्रवासाला जायची गरज नसते, एकाच तळ्याकाठी पुन्हा पुन्हा बसावं लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

१०. घरी आल्यावर

आधी चिंध्या. तैलरंगातल्या जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या करून एकेक बाहेर वाळत घाला, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. घरात लहान मुलं असतील तर ट्यूबा त्यांच्या हाताला लागू देऊ नका. कॅडमियमचे रंग पोटात जाता कामा नयेत. जेवणापूर्वी हात साबणानं धुवा, नखांसकट.

ब्रश आधी चिंधीनं कोरडे पुसा, मग टर्पेंटाइन, मग साधा साबण आणि कोमट पाणी. केस बोटांनी चपटे करून आडवे ठेवा.

चित्र हवेशीर जागी, धुळीपासून दूर, उभं ठेवा. पातळ भाग काही दिवसांत वाळतो, जाड फटकाऱ्यांना आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि दमट भिंतीला टेकवलं तर मागून बुरशी येते. वार्निशची घाई करू नका, किमान सहा महिने जाऊ द्या. पिसारोला तर आपल्या चित्रांवर वार्निशची चकाकी नकोच असे, तेव्हा नाही दिलंत तरी चालेल.

चित्र आठ फुटांवरून बघा. जवळून खटकणारी जागा लांबून बसली असेल तर तिला हात लावू नका. लांबूनही खटकत असेल तर तेवढाच भाग नाइफनं खरवडून एकदाच, नव्या फटकाऱ्यानं भरा.

आणि रंग ओला असतानाच बोर्डाच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा: जागा, तारीख, आकाश कसं होतं, आणि किती वाजले होते. पुढच्या रविवारी दुसरा बोर्ड घेऊन त्याच वेळेला, त्याच दगडावर जाऊन बसा.